खातं वाढवायचं आहे

मु. पो. स्वयंपाकघरातलं टेबल,
खिडकीकडची खुर्ची.
मंगळवार, दुपार.

तीर्थरूप वन्संना,

तुमच्या वहिनीचा वाकून नमस्कार. (कंबर जेवढं ऐकते तेवढी वाकले आहे. उरलेलं मनानं वाकले, ते जमा धरावं.) इकडे आम्ही सगळे सुखरूप. चिरंजीवांच्या डोक्यावरचे केस कमी झालेत आणि सूनबाईंचा ऑफिसातला हुद्दा वाढलाय, म्हणजे एकूण घराचं वजन तेवढंच राहिलं. तुमचा गुडघा कसा आहे? खरं लिहा. फोनवर विचारलं की तुम्ही "कुठला गुडघा?" असं उलट विचारता, जसं काही आपण गुडघे डझनावारी ठेवतो आणि मी नंबर सांगायला विसरले. शेक घेता का? स्टुलावर चढून वरच्या फळीवरचे डबे काढणं सोडलंत का? (सोडलं नसणार. स्टूल सरकल्याचा आवाज मला फोनवर ऐकू येतो.)

आता कामाचं. मागच्या फोनवर तुम्ही म्हणालात, "वहिनी, शेजारचा चष्मेवाला रोज दारात येऊन उभा राहतो. दुकान त्याला द्यायचं की ठेवायचं, आणि तू परत येणार की नाही, ते एकदाचं लिहून कळव. तोंडी तुझं काही खरं नसतं." बरोबर आहे. बटणं, दोरे, लेस आणि हुक यांच्यात आपण दोघींनी जन्म काढला. तुमचे बंधू गेल्यावर तर दुकान होतं म्हणून आपण दोघी उभ्या होतो. मग मी चार महिन्यांसाठी म्हणून इकडे परदेशात लेकाकडे आले आणि पाटावर बसलेल्या पाहुण्यासारखी उठायचंच विसरले. तुमच्या एकटीच्यानं आता शटर वर जात नाही, हे तुम्ही मला सांगितलं नाहीत, चष्मेवाल्यानं सांगितलं. (त्यानं फोन केला होता. त्याच्यावर रागावू नका, जागेवर डोळा असला तरी माणूस वाईट नाही.) ते ऐकलं आणि मी ठरवलं, इथला गाशा गुंडाळायचा. गाशा गुंडाळायचा म्हटल्यावर पहिलं काम आलं बँकेतलं खातं.

तुम्ही म्हणाल, तुझं कसलं डोंबलाचं खातं? सांगते. आमच्या घराच्या कोपऱ्यावर एक लाँड्री आहे. चिरंजीवांच्या कोटाचं बटण तिथे धुलाईत निखळलं, ते मी घरी लावलं, आणि पुढच्या वेळी लाँड्रीवाल्यानं ते बटण भिंगातून बघितलं. (देठ गुंडाळून लावलं होतं, सासूबाई लावायच्या तसं. इथे यंत्र लावतं, त्याला देठ माहीत नाही.) तेव्हापासून त्याच्याकडची निखळलेली बटणं माझ्याकडे येतात. पण तो मोबदला हातात देईना. हातात पैसे दिले तर आपण दोघांनी काहीतरी चोरटं केलं असं होतं म्हणे. म्हणून खातं काढायला गेले, तर बँक म्हणाली की तुम्ही इथे राहता याचा कागद आणा. घर चिरंजीवांच्या नावावर, विजेचं बिल सूनबाईंच्या नावावर. माझ्या नावाचा एखादा कागद मिळावा म्हणून टेलिफोनवाल्यांकडे गेले, तर ते म्हणाले, आधी बँकेचं खातं दाखवा. मी आपली इकडून तिकडे आणि तिकडून इकडे, मागावरच्या धोट्यासारखी.

त्यातून नावाचा घोळ. माहेरचं नाव एक, लग्नात ठेवलेलं दुसरं. मधे आधी बाबा होते, नंतर तुमचे बंधू आले. आडनावाचंही तेच. तीन खण आणि तिन्हींतला माल बदललेला. बँकेतल्या बाईनं दोन कागद पुढे ठेवून विचारलं, या दोघी एकमेकींच्या कोण? म्हटलं, दोघीही मीच. मग तिनं मधल्या नावावर बोट ठेवलं. हे गृहस्थ कोण आणि ते सही करायला येऊ शकतील का? म्हटलं, बाई, ते जिवंत असतानाही सहीला कधी वेळेवर आले नाहीत, आता तर फारच लांब आहेत. तुमचं एक बरं आहे, वन्सं. तुम्ही लग्न केलं नाहीत, त्यामुळे जन्मापासून तुमचे तिन्ही शब्द जागचे हललेले नाहीत. कुठलंही यंत्र तुम्हाला एका दमात आत घेईल. लग्न न करण्याचा हा फायदा कोणी आधी सांगितला असता तर मीही विचार केला असता.

शेवटी सूनबाईंनी विजेच्या बिलावर माझंही नाव चढवून घेतलं तेव्हा खातं निघालं, आणि त्याच सुमारास आपल्या गावच्या बँकेचं ते पत्र तुम्ही पाठवलंत, की मी आता 'अनिवासी' झाले, तरी तसं खातं बदलून घ्यावं. इथल्या ओळखीच्या कार्डावर लिहिलंय 'परदेशी रहिवासी'. म्हणजे तिकडे मी राहत नाही म्हणून अनिवासी, आणि इकडे राहते, पण परदेशी. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून मी बराच वेळ बघत बसले. वाईट नाही वाटलं, खोटं कशाला सांगू, नवलच वाटलं. दोन बँका, दोन्ही शहाण्या, दोघींचे शिक्के खरे. मग ही जी बाई रोज सकाळी चहा करून पिते, ती नेमकी कुठे बसून पिते?

असो. तर गेल्या गुरुवारी मी खातं वाढवायला गेले.

बघा, तुम्हाला लगेच कळलं. पण सगळा गोंधळ या एका शब्दानं केला आहे. तुम्हाला आठवतं ना, मी नवीन सून असताना पहिल्या संध्याकाळी "दुकान बंद करायचं का?" असं बोलले होते, तर सासूबाईंनी लेसचं रीळ खाली ठेवून माझ्याकडे असं पाहिलं होतं की जणू मी गल्ल्यातून रुपया उचलला आहे. "आपल्याकडे दुकान बंद होत नाही, वाढतं," म्हणाल्या. आणि तुम्ही मागे उभ्या राहून हसत होतात. (नाकारू नका.) तेव्हापासून बंद हा शब्द माझ्या जिभेवर आलेला नाही. बांगडी फुटली तरी वाढवली म्हणते आणि दिवा घालवायचा तरी वाढवते.

चिरंजीव सोबत येतो म्हणत होते, सूनबाई रजा काढते म्हणत होत्या. मी म्हटलं, माझं खातं आहे, माझी मी जाईन. इथली भाषा मला लाँड्रीपुरती येते (डाग, गरम, सैल, उद्या), पण चिरंजीवांनी फोनात एक बाई बसवून दिली आहे. आपण मराठीत बोलायचं, ती त्यांच्या भाषेत सांगते. ते बोलले की ती आपल्याला मराठीत सांगते, अगदी बातम्या दिल्यासारखं. कुणाचं वाईट झालं तरी तिचा आवाज हलत नाही.

इथल्या बँकेत पैसे दिसत नाहीत, वन्सं. ना जाळी, ना खिडकी, ना नोटा मोजणारं कोणी. मऊ खुर्च्या, पाण्याचा जग, आणि एक झाड, जे खरं आहे की खोटं ते बघायला मी पान चिमटीत धरलं (खोटं). मला ज्या बाईसमोर बसवलं तिच्या जाकिटाचं मधलं बटण एका दोऱ्यावर लोंबत होतं. आता मला सांगा, समोर असं बटण लोंबत असताना आपलं लक्ष कुठे लागणार? मी तिचं नाव मनात सैलबटण ठेवलं आणि फोनातल्या बाईला स्पष्ट, ठणठणीत आवाजात सांगितलं, "मला खातं वाढवायचं आहे."

सैलबटणचा चेहरा असा फुलला म्हणता! मला वाटलं, काय गोड माणसं आहेत, जाणाऱ्यालाही हसतमुखानं निरोप देतात. तिनं पाणी ओतलं, खुर्ची पुढे घेतली आणि विचारलं, सगळी रक्कम का? म्हटलं, सगळी. मागे काही ठेवायचं नाही. ती आणखी फुलली. कशात घालणार? म्हटलं, घरात. (आपल्या दुकानाचे पत्रे आणि तुमचा गुडघा हे माझ्या लेखी घरच.) तिनं मान डोलावून काहीतरी टिपलं. मग विचारलं, तुम्हाला पैसे लगेच लागणार आहेत का? आता ती बिचारी इतकी अगत्यानं बोलते आहे, तिला टांगणीला कशाला लावायचं? म्हटलं, छे, घाई मुळीच नाही, तुमच्या सवडीनं द्या. या एका सभ्यपणाची पाच वर्षं झाली, ते पुढे कळेलच.

मग तिचे प्रश्न वळणावळणानं जायला लागले. मी धरून चालले होते की ही मला पैसे घेऊन इतक्या लांब नीट जाशील ना, या काळजीनं विचारते आहे. फोनातली बाई म्हणाली, "तुमची धोक्याची भूक किती आहे?" मला वाटलं, प्रवासात तब्येतीला धोका नको म्हणून भुकेची चौकशी असेल. म्हटलं, भूक उत्तम आहे, दोन्ही वेळा व्यवस्थित जेवते, आणि पचतंही. पुढे म्हणाली, "बाजार पडला तर तुम्ही काय कराल?" माझ्या डोळ्यांसमोर आपल्या दुकानापुढचा भाजीबाजार आला, ज्याची शेड मागे वाऱ्यानं खाली बसली होती. म्हटलं, पडला तर पडला. एकदा पडला होता, सगळे पळाले, आम्ही दोघी तिथेच बसून राहिलो. महिन्याभरात पुन्हा उभा राहिला. सैलबटणनं हातातलं पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे अशा आदरानं पाहिलं की मी पदर सारखा केला.

शेवटी विचारलं, हे पैसे अखेर कोणाकडे जायचे? म्हटलं, वन्संकडे. इथे फोनातली बाई पहिल्यांदाच अडखळली. दोनदा सांगितलं, तीनदा सांगितलं, तिला वन्सं माहीत नाही. मग म्हटलं, नवऱ्याची बहीण. ते तिनं सांगितलं. सैलबटणनं पुन्हा पुन्हा विचारून घेतलं, मुलगा नाही? नवऱ्याची बहीण? म्हटलं, हो बाई, तीच. तुमचं नाव मी सांगितलं, तिन्ही शब्द, आणि बघा, यंत्रानं एका दमात आत घेतलं.

सह्या केल्या, उठले, आणि सवयीनं म्हटलं, "येते." फोनातल्या बाईनं ते सांगितल्यावर सैलबटण पुन्हा खाली बसली आणि मी येण्याची वाट बघायला लागली. मी दारापाशी, ती टेबलापाशी, दोघी एकमेकींकडे बघून हसतोय. शेवटी दरवानानं दार धरलं म्हणून सुटका झाली.

संध्याकाळी चिरंजीवांनी कागद वाचले. आधी डावी भुवई वर गेली, मग उजवी, मग चष्मा. "आई, तू काय केलंस?" म्हटलं, वाढवलं. "अगं, सगळे पैसे पाच वर्षांसाठी घरबांधणीच्या योजनेत गेलेत! आणि इथे तुझा प्रकार लिहिलाय, 'धाडसी गुंतवणूकदार'!" सूनबाई आधी कागदाकडे बघत होत्या, मग माझ्याकडे, आणि मग भिंतीला टेकून हसायला लागल्या. म्हणाल्या, "आई, तुम्ही बँकेत 'वाढवायचं' म्हणालात ना? मला पहिल्या वर्षी दिवा वाढवा म्हणाला होतात, तेव्हा मी दुसरा लावला होता." चिरंजीवांचं लक्ष मात्र शेवटच्या पानावर होतं. तिथे माझ्यामागे पैसे कोणाला, त्या जागी तुमचं नाव होतं. म्हणाले, "आणि मी?" म्हटलं, तुला आई मिळाली आहे, आणखी काय पाहिजे? तो कागद सूनबाईंनी फ्रिजवर चिकटवला आहे. दूध काढायला गेलं की मी धाडसी असल्याचं रोज कळतं.

सुदैवानं मन बदलायला पंधरा दिवसांची मुदत असते. (किती समजूतदार कायदा! लग्नालाही हवा होता.) काल सोमवारी सूनबाईंना घेऊन पुन्हा गेले. बटण अजून लोंबतच होतं. सूनबाईंनी सगळं समजावलं, तर सैलबटणचा चेहरा उतरला. तिला वाटलं आता तक्रार होणार. मी म्हटलं, तिला सांगा, चूक कोणाचीच नाही, तिनं ऐकलं तेही बरोबर आणि मी बोलले तेही बरोबर. मग तिला उत्सुकता लागली. म्हणाली, तुमच्यात संपवण्याला वाढवणं म्हणतात, मग खरंच वाढवायचं असेल तेव्हा काय म्हणतात? म्हटलं, तेव्हाही वाढवणंच. ती म्हणाली, मग लोकांना कळतं कसं? मी म्हटलं, त्यात काय, वेळ बघून. संध्याकाळी कोणी दुकान वाढवलं म्हणालं तर शटर ओढायचं, आणि सकाळी म्हणालं तर पेढे मागायचे.

ती हसली, सूनबाई हसल्या, आणि मी पिशवीत सुईदोरा चाचपायला लागले. वन्सं, आपली कुठली वेळ आहे ते मला माहीत नाही. मी चांगली दोन्ही बँकांच्या कागदांचं नवल करत बसले, पण हा प्रश्न काही माझ्या डोक्यात आला नव्हता.

पैसे परत खात्यात आले. निघण्याआधी मी पिशवीतून सुईदोरा काढला, सैलबटणला जाकीट काढायला लावलं, आणि तिच्याच टेबलावर बटण लावून दिलं, देठ गुंडाळून. तिनं ओढून ओढून पाहिलं. आज सकाळी त्या पैशांतून विमानाचं तिकीटही काढलं. पाय पसरायला पुढे जागा असलेली खुर्ची घेतली, थोडी महाग पडली, पण एवढ्या लांबच्या प्रवासात गुडघा दुमडून बसणं बरं नव्हे. चिरंजीव म्हणाले, "आई, विचारलंस तरी का?" म्हटलं, फ्रिजवर काय लिहिलंय ते वाच.

तेव्हा तुम्ही मागितलंत तसं लेखी उत्तर हे असं. चष्मेवाल्याला पंधरा दिवस थांबायला सांगा. स्टुलावर चढू नका. वरचे डबे मागणाऱ्या गिऱ्हाइकाला खालचे दाखवा, रंगात फारसा फरक नसतो.

येते.

तुमची
वहिनी
(धाडसी)

ता. क. लाँड्रीवाल्याला कोटाची बटणं हवी आहेत. गडद तपकिरी, चार भोकांची, डावीकडच्या फळीवर तिसरा डबा. तशी इथे मिळत नाहीत, मिळतात ती चावली तर कळतं की खोटी आहेत. सगळा डबाच लागेल. पण टपालानं पाठवू नका.

ता. क. दुसरा. मग कशी पाठवू, असं विचाराल. वन्सं, ते तिकीट तुमच्या नावाचं आहे. तिन्ही शब्द घातले, यंत्रानं हूं की चूं केलं नाही. बोलावण्याचे कागद चिरंजीव पाठवताहेत, तुम्ही फक्त फोटो काढा. कान दिसले पाहिजेत म्हणे, पदर मागे घ्या. तारीख बदलता येते, तिकीट मोडता येत नाही. (मी विचारलंच नाही, पण तुम्ही असंच समजा.) लिहिताना मला धीर होत नव्हता म्हणून आधी बँकेचं रामायण सांगितलं. मी तिकडे येऊन तुमच्या गुडघ्याजवळ बसले असते, पण मग तुम्ही मला चहा करून द्यायला उठला असतात. इथे तुम्हाला स्वयंपाकघर ठाऊक नाही, तेव्हा बसावं लागेल.

ता. क. तिसरा, आणि शेवटचा. परतीचं तिकीट काढलेलं नाही. ते काढलं तर दोघींचं एकदमच काढू. निघताना शटर चष्मेवाल्याला ओढायला सांगा, तुम्ही हात लावू नका. आणि त्यानं विचारलंच, तर सांगा, दुकान वाढवलं. कुठल्या अर्थानं, ते विचारायचं त्याच्या लक्षात यायचं नाही. आपण दोघी इथे चहा घेऊन बसू आणि बघू, सकाळ आहे की संध्याकाळ.